जाळी काढली त्या दिवशी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते मी. "चला, पुढे सरका, दारात गर्दी नको," हे इतकं ओरडले आहे की अजूनही कुणी दारात घुटमळताना दिसलं की माझ्या तोंडून निघतंच. निवृत्त झाले आणि धाकट्या बहिणीकडे राहायला आले. तिचा नवरा जहाजावर, मूलबाळ नाही, आणि रिकामं बसवत नाही म्हणून बाईसाहेबांनी पाळणाघर काढलेलं. मला वाटलं होतं, आता पाय पसरून पेपर वाचीन. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी माझ्या मांडीवर एक रडकं पोर होतं आणि खांद्यावर त्याची लाळ.

घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर. करार ठरावीक मुदतीचा, आणि त्यात साफ लिहिलेलं की घर फक्त राहण्यासाठी, आत कसलाही धंदा चालणार नाही. धाकटीनं खाली सही ठोकली आणि पंधरवड्यात पाळणाघर सुरू केलं. मी आल्यावर हे कळलं तेव्हा म्हटलं, "अगं, हे अंगाशी येईल."

"काही येत नाही, ताई. मालक लांब राहतात. येतात कधीतरी. आले की मुलांना जरा गप्प ठेवायचं, बस."

'जरा गप्प' म्हणे! तिनं त्याचा खेळच केला. पाहुणे-पाहुणे. ती हळूच म्हणायची, "पाहुणे आले," आणि दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर ठेवायची. मुलंही ठेवायची. त्यानंतर हाक मारली तरी ओ द्यायची नाही, दार वाजलं तरी हलायचं नाही, पडलं-झडलं तरी रडायचं नाही. आमच्या दोघींपैकी एकीनं "पाहुणे गेले" म्हटलं की खेळ संपला. मालक वर्षातून दोन-तीनदाच यायचे, पण सराव हवा ना? म्हणून तो रोज, दूध प्यायच्या आधी. जो शेवटपर्यंत गप्प राहील तो जिंकला.

जिंकायची नेहमी मुंगीच. चार वर्षांची, अंगानं एवढीशी, म्हणून मुंगी. तिची आई चष्म्याच्या दुकानात कामाला, बाप नाही. एकदा सरावाच्या वेळी हिचं बोट दारात चेमटलं. नख काळंनिळं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडावरचा दुसरा हात काढला नाही पोरीनं. धाकटीनं तिला सगळ्यांपुढे शाबासकी दिली. मलाही कौतुकच वाटलं तेव्हा, खोटं कशाला बोलू.

मालक खरोखर आले की माझं काम ठरलेलं. स्वयंपाकघराला मागचं दार होतं, त्याच्या जिन्यानं मुलांना खाली, मागच्या बागेत न्यायचं. त्यासाठी एक जाड दोरी केली होती. जितकी मुलं तितक्या गाठी, प्रत्येकानं आपापली गाठ धरायची. मी डोकी मोजत नसे. कंडक्टर डोकी मोजत नाही, रिकाम्या जागा बघतो. भरल्या गाडीत ते एका नजरेत कळतं. दोरीवर एकही गाठ मोकळी नाही म्हणजे गाडी भरली, डबल बेल, चला.

तर कराराची मुदत संपत आली. धाकटीला वाटत होतं, वाढवून देतील. मालकांनी फोनवर सांगितलं, मुलगा राहायला येतोय, मुदत संपेल त्या दिवशी ताबा हवा, आणि घर दिलं होतं तसंच्या तसं हवं. आमची धावाधाव झाली. शेवटी दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर जागा मिळाली, तिथला मालक पाळणाघराला हसत हो म्हणाला. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे या पाहुण्यांतून.

शेवटच्या दिवशी सकाळीच टेम्पो भरून गेला. मुलांना सुट्टी द्यावी असं मी दहादा सांगितलं होतं, पण त्यांच्या आयांना रजा कोण देणार? मालक यायचे होते संध्याकाळी, मुलं गेल्यावर. त्यामुळे मुलं आली, आणि रिकाम्या घरात आवाज घुमतो हे कळल्यावर त्यांनी लपाछपीचा नुसता धुडगूस घातला. त्यात आमच्याकडच्या जुळ्या भावांच्या आईनं त्यांची मावसबहीणही आणून सोडली, आजचा दिवस सांभाळा म्हणून.

धाकटी बाल्कनीत होती. मुलांसाठी आम्ही कठड्यापासून छतापर्यंत नायलॉनची जाळी ठोकून घेतली होती. कठडा आडव्या गजांचा, शिडीसारखा. संध्याकाळी मुलं त्याच्या पहिल्या गजावर चढून, जाळीला धरून आई-बापांची वाट बघत उभी राहायची. घर जसंच्या तसं द्यायचं म्हणून धाकटीनं ती जाळी उतरवली, खिळे उपटले आणि चौकटीतली भोकं पुट्टीनं बुजवली. बाल्कनीचं दार मात्र कडी लावून बंद ठेवलं. तेवढी अक्कल होती आम्हाला.

दुपारी दाराची घंटी वाजली. धाकटीनं दारातल्या भिंगातून बघितलं आणि वळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मालक! बरोबर कुलूपवाला. संध्याकाळचं सांगून दुपारी उगवले.

तिनं तोंडावर हात ठेवले. एका क्षणात घर चिडीचूप. मी दोरी उचलली, पोरं मागच्या खोलीतून भराभर आली, गाठी धरल्या. मी नजर फिरवली. मोकळी गाठ एकही नाही. मागच्या दारानं सगळी वरात जिन्यावरून खाली, पोरं मांजराच्या पावलांनी. हे झालं तेव्हा मला आमचा अभिमान वाटला, देवाशपथ.

बऱ्याच वेळानं धाकटी बागेत आली ती हसतच. "सुटलो, ताई! भिंती बघितल्या, नळ बघितले, भोकांवरून बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. नवं कुलूप लावलं आणि गेले." मग मुलांकडे वळून जोरात म्हणाली, "पाहुणे गेले!"

पोरं कलकलायला लागली. मी बिस्किटं वाटायला घेतली. प्रत्येकाच्या हातावर एक ठेवता ठेवता जुळ्यांच्या मावसबहिणीपाशी आले. तिला बिस्किट दिलं आणि माझा हात तसाच राहिला. ही पाहुणी पोर. हिच्यासाठी मी गाठ मारलीच नव्हती. मग ही कुणाची गाठ धरून आली?

"मुंगी कुठंय?" मी म्हटलं.

जुळ्यांपैकी एक म्हणाला, "ती लपाछपीत लपली ना. ओट्याखाली. मागच्या खोलीत लपायला पडदाच नव्हता."

इमारतीच्या तळमजल्याला शिंपीणकाकूंचं दुकान आहे. पोरांना दोरीसकट त्यांच्या दुकानात कोंबलं आणि आम्ही वर पळालो. माझे गुडघे कुरकुरतात एरवी, त्या दिवशी त्यांना कुणी विचारलंच नाही.

दाराला नवं कोरं कुलूप. सकाळपर्यंत ते दार आमचं होतं, आता त्याला हात लावायचा हक्क नव्हता आम्हाला. मागचं दार बघून आले, आतून कडी. धाकटी दारावर हात आपटायला लागली. आतून काही नाही. कसं येणार? दार वाजलं तरी हलायचं नाही, हे आम्हीच शिकवलेलं.

"थांब, मी सांगते तिला, पाहुणे गेले," ती म्हणाली आणि तोंड दाराच्या फटीला लावलं.

मला काय वाटलं कोण जाणे, मी तिला मागे ओढलं. "बाल्कनीचं दार बंद आहे ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"बोल ना गं भवाने!"

"पुट्टी ओली होती," ती म्हणाली. "वास येतोय म्हणाले. दार उघडं राहू दे, सुकेल म्हणाले. त्यांनीच उघडलं."

अहो, मी बसच्या अपघातात सापडले आहे, घाटात गाडीचे ब्रेक फेल होताना बघितले आहेत. पण त्या जिन्यावर पुढचं सगळं मला एका क्षणात दिसलं. खेळ संपला असं सांगितलं की ती बाहेर येणार. घर रिकामं, मावश्या नाहीत, दार उघडत नाही. मग ती कुठं जाणार? जिथं रोज आईची वाट बघते तिथं. आणि तिथं आता जाळी नाही.

"एक शब्द बोलू नकोस," मी म्हटलं. "दाराला हात लावू नकोस. लपली आहे तशी लपू दे. फोन लाव मालकाला."

तिनं लावला. आणि माझी बहीण काय म्हणाली, ऐका. "काका, माझी पर्स आत राहिली आहे. जरा किल्ली मिळेल का?"

पर्स! इतकी वर्षं थापा मारून जिभेला वळणच लागलं होतं तिच्या. मी खसकन फोन हिसकावला.

"पर्सबिर्स काही नाही. आत पोर आहे. चार वर्षांची. तुम्ही कुलूप लावलंत तेव्हा ती आत होती. जिथं असाल तिथून मागे फिरा."

मग ते म्हणाले, "बाई, तुम्हाला दोघींनाही मूल नाही, मला ठाऊक आहे. करार संपला. मागच्या भाडेकरूनंही असंच केलं होतं, आजारी आई आत आहे म्हणून दार उघडायला लावलं आणि परत आत जाऊन बसला. मी फसणार नाही." आणि फोन ठेवून दिला.

मी परत लावला. उचलेनात. परत लावला. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि "मी मारलं तिला, मी मारलं," असं पुटपुटत होती. मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हीला वेळ नव्हता. पुन्हा लावल्यावर त्यांनी उचलला. मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतकी हळू बोलले असेन.

"तुम्ही बाल्कनीच्या चौकटीवरून बोट फिरवलंत ना? तिथं ओळीनं भोकं बुजवली आहेत, कठड्यापासून छतापर्यंत. ती जाळीची. ज्या घरात मूल नाही तिथं जाळी कशाला ठोकतात, सांगा बघू? आम्ही तुमच्या घरात पाळणाघर चालवलं. तुम्हाला फसवलं. आज ती जाळी उतरवली आणि बाल्कनीचं दार तुम्ही उघडं टाकलंत. पोलिसात द्या आम्हाला, काय हवं ते करा, पण आधी या."

ते म्हणाले, "निघालो."

धाकटीला दाराशी बसवलं, तोंड बंद ठेवायची शपथ घातली आणि मी खाली रस्त्यावर गेले. शिंपीणकाकूंना दोन वाक्यांत सांगितलं. त्या बाईनं एक प्रश्न विचारला नाही. पडद्याच्या जाड कापडाचा अख्खा तागा ओढून आणला, चार पदरी केला. दोन बाजू त्यांनी धरल्या, दोन मी, आणि आम्ही बाल्कनीखाली उभ्या राहिलो. तिसऱ्या मजल्यावरून पडणारं मूल दोन म्हाताऱ्या पडद्यात झेलणार! मनातून दोघींनाही कळत होतं, पण हात रिकामे ठेवून उभं राहणं त्याहून कठीण होतं.

वर दार सताड उघडं दिसत होतं. मी डोळे तिथून हलवले नाहीत. येऊ नकोस, मुंगे, येऊ नकोस, असं मनात चाललेलं. आणि ती आली.

कंटाळली असेल, तहान लागली असेल. कुणी ओट्याखाली किती वेळ बसावं? आधी डोकं दिसलं, मग सवयीनं पाय उचलून पहिल्या गजावर चढली, मग दुसऱ्या. कठडा तिच्या पोटाशी आला. एक हात वर केला तिनं, जाळी धरायला, आणि तो हात नुसताच हवेत फिरला. तिनं वर बघितलं, जाळी कुठं गेली म्हणून. शिंपीणकाकू "अगंबाई" म्हणाल्या आणि माझ्या घशात हाक दाटली. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. हाक बाहेर पडली असती तर पोर दचकली असती, किंवा मावशी दिसली म्हणून आनंदानं पुढे झुकली असती. मी हाक गिळली.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. ती हसली. पुढे वाकायला लागली.

मी कापड सोडलं आणि दोन्ही तळहात तोंडावर ठेवले. पाहुणे आले.

आणि त्याच क्षणी मला कळलं मी काय केलं ते. खेळात दोन्ही हात तोंडावर ठेवायचे असतात. तिनं ठेवले. दुसऱ्या गजावर उभं राहून, कठड्याला धरलेला हात सोडून, तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती डुलली. पुढे आली, मागे गेली. मी डोळे गच्च मिटले. पुन्हा बघितलं तेव्हा कठड्यावर कुणी नव्हतं. खालीही नव्हतं. आत, जमिनीलगत, दाराच्या उंबऱ्यावरून तिचा फ्रॉक सरपटत आत जाताना दिसला. मागे पडली होती, आत. उठून परत लपायला गेली होती.

मी फुटपाथवर बसले. शिंपीणकाकूंनी मला पाणी दिलं, ते अर्धं माझ्या पदरावर सांडलं.

मालक टॅक्सीतून उतरले ते धापा टाकतच. माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ जिना चढले. मी मागोमाग. किल्ली लावताना ती त्यांच्या हातून दोनदा खाली पडली. दार उघडल्याबरोबर धाकटी धावत गेली ती बाल्कनीच्या दाराकडे. कडी लावली, आणि मग तिथंच टेकून उभी राहून म्हणाली, "मुंगी, पाहुणे गेले. पाहुणे गेले, बाळा."

काही नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याखालच्या कपाटाची दारं घट्ट मिटलेली. उघडायला गेली तर आतून कुणीतरी ओढून धरलेलं. "पाहुणे गेले गं," ती रडत म्हणाली. दार सुटेना.

मी मागे बघितलं. मालक घराच्या मधोमध उभे होते, कपाळ पुसत. कपाटाच्या फटीतून त्यांचे बूट सरळ दिसत असणार.

"तुम्ही बाहेर जा," मी म्हटलं.

"मी? माझ्या घरातून?"

"पाहुणे तुम्ही आहात. तुम्ही इथं असेपर्यंत ती येणार नाही. जाताना पाय वाजवत जा."

माणूस वाद घालेल असं वाटलं होतं. पण ते वळले, दार ओढून घेतलं आणि जिन्यावर पाय आपटत उतरले. अगदी खालपर्यंत. मग ओट्याखालचं दार उघडलं.

घामानं निथळत होती. फ्रॉक ओला झालेला. कोपर सोलवटून रक्त आलेलं. धाकटीनं तिला छातीशी धरलं आणि मग पोर रडायला लागली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, सगळं अंग गदगदत होतं, आणि आवाज नाही. धाकटी म्हणाली, "रड, बाळा, मोठ्यानं रड. खेळ संपला, कायमचा संपला." मी म्हटलं, "ओरड गं, मुंगे, माझ्यासारखी ओरड." तिनं प्रयत्नही केला, मला दिसलं. जमलं नाही तिला.

मालक परत वर आले होते, अर्धवट उघड्या दारात थांबले होते. "ही रडते आहे का?" त्यांनी विचारलं. "मग आवाज का येत नाही?"

"आम्ही शिकवलंय," मी म्हटलं.

संध्याकाळी मुंगीची आई आली ती नव्या जागेवर. धाकटी म्हणत होती, कोपराचं काहीतरी सांगू. मी म्हटलं, थोबाड फोडीन. दोघींनी मिळून सगळं सांगितलं. करार, खेळ, दोरी, कुलूप, कठडा. मी तयार होते, तिनं चप्पल उचलली तरी मी हलणार नव्हते. तिनं काही उचललं नाही. मुंगीला मांडीवर घेऊन खोक्यांच्या मधे बसून राहिली.

मग म्हणाली, "घरीही ती अशीच रडते. कधीपासून कोण जाणे. रात्री पांघरूण नीट करायला जाते तर उशी ओली असते. मी दुकानात सगळ्यांना सांगत फिरते, माझी मुलगी कध्धी रडत नाही, फार समजूतदार आहे म्हणून."

मुंगी तिच्या खांद्यावर झोपून गेली होती. आईनं तिचं डोकं सावरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आता हिला मोठ्यानं रडायला कोण शिकवणार, मोठ्या मावशी?"

ती उठली, पोरीला घेऊन गेली, आणि मी दार लावून घेतलं.